टी-शर्टवरचा बोकड आणि उशीतला काळा दोरा

वसई तालुक्यातील एका मातेचे पत्र आले आहे. त्यातील मजकूर थोडक्यात असा:

“फादर, माझा मुलगा १७ वर्षांचा असून बारावीत शिकतो. वर्षभरापासून तो सतत कानांत हेडफोन घालून हेवी मेटल नावाचे संगीत ऐकतो आणि काळे टी-शर्ट वापरतो. एका टी-शर्टवर उलटा पाचकोनी तारा आणि त्यात शिंगे असलेल्या बोकडाचे तोंड होते. आमच्या प्रार्थना-मंडळात बाहेरून आलेल्या एका प्रवचनकारांनी सांगितले की ही गाणी सैतानाला वाहिलेली असतात आणि उलटी वाजवली तर त्यांत सैतानाची स्तुती ऐकू येते. मी घाबरले, टी-शर्ट जाळला आणि रागाच्या भरात ‘तुझ्यात सैतान शिरलाय’ असे बोलून गेले. त्याला तीन आठवडे झाले. तो घरात कोणाशी बोलत नाही आणि मिस्सालाही येत नाही. शेजारणीच्या सांगण्यावरून मी एका भगताकडे जाऊन आले. त्याने दिलेला काळा दोरा मुलाच्या उशीत शिवून ठेवला आहे. प्रवचनकार म्हणतात की मुलाला तीन दिवस उपाशी ठेवून त्याच्यातले काढावे लागेल. मी काय करू?”

प्रिय भगिनी,

सर्वांत आधी ज्याला उशीर चालणार नाही ते सांगतो. मुलाला उपाशी ठेवू नका आणि त्या प्रवचनकारांच्या हाती देऊ नका. भूत काढण्याचा विधी कोणीही उठून करावा, अशी परवानगी आपली ख्रिस्तसभा देत नाही. त्यासाठी धर्मगुरूलाही बिशपांची स्पष्ट अनुमती लागते, आणि हे आजारपण तर नाही ना, याची खात्री आधी करून घ्यावी लागते. शिवाय भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणे, मारणे किंवा त्याचा छळ करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे, मग ते करणाऱ्याच्या हातात लिंबू असो किंवा बायबल. तुमच्या मुलाला राग आला आहे आणि तो दुखावला गेला आहे. पत्रात तुम्ही जे लिहिले आहे त्यात याहून अधिक काही मला दिसत नाही.

तुमची भीती मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. वाईटाला स्वतःची शक्ती असते आणि माणूस तिच्याशी व्यवहार करू पाहतो, असे मी मानतो. बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात शकुन पाहणारे, मंत्रतंत्र करणारे आणि मृतांना विचारणारे यांच्याविषयी जे सांगितले आहे, ते मी आजही तितक्याच गंभीरपणे वाचतो. म्हणूनच भीती नेमकी कशाची बाळगायची, हे नीट ठरवावे लागते. शत्रू एका दाराशी असताना आपण दुसऱ्या दाराला कडी घालत बसलो, तर घर उघडेच राहते.

तुम्ही जाळलेल्या चित्रापासून सुरुवात करतो. बोकडाचे तोंड असलेली जी आकृती आज जगभर सैतानाचे चित्र म्हणून ओळखली जाते, ती १८५०च्या दशकात एलिफास लेव्ही या फ्रेंच लेखकाने काढली. त्याचे खरे नाव अल्फोन्स लुई कोन्स्तां. तो सेमिनरीत शिकलेला होता, उपदीक्षित म्हणजे डिकनही झाला होता, पण धर्मगुरू होण्याआधीच बाहेर पडला. पाचकोनी ताऱ्याची गोष्ट आणखी वेगळी आहे. मध्ययुगात ख्रिस्ती लोक तो प्रभूच्या पाच जखमांचे चिन्ह म्हणून वापरत असत. चिन्हाला स्वतःची शक्ती नसते. माणसे त्यात अर्थ भरतात आणि काढूनही घेतात. संत पाऊल करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना पत्र लिहिताना मूर्ती म्हणजे काहीच नाही, असे सांगतो, ते या अर्थानेच.

आता संगीताकडे वळतो. ज्या वाद्यवृंदापासून हेवी मेटलची सुरुवात झाली असे सर्वसाधारणपणे मानले जाते, तो ब्लॅक सॅबथ इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरातील कामगार वस्तीतून आला. गिटार वाजवणारा टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. तिथल्या यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली, म्हणून त्याने बोटांना टोपणे बसवली आणि पुढे तारा सैल करून वाजवू लागला. त्या संगीताचा जो खर्ज तुम्हाला खोलीच्या दाराबाहेर ऐकू येतो, त्यामागे हा अपघातही आहे. वृंदाचे नाव त्यांनी एका भयपटावरून घेतले. लोक घाबरण्यासाठी पैसे मोजून रांगा लावतात, तर घाबरवणारे संगीत का करू नये, असा त्यांचा विचार होता. पहिली ध्वनिमुद्रिका १३ फेब्रुवारी १९७० रोजी आली. तो शुक्रवार होता, आणि तेरा तारखेचा शुक्रवार पाश्चात्त्य देशांत अशुभ मानला जातो. मुखपृष्ठाच्या आत उलटा क्रूस होता. वादकांच्या म्हणण्यानुसार तो रेकॉर्ड कंपनीने त्यांना न विचारता घातला होता.

त्यांची बरीचशी गीते लिहिणारा गीझर बटलर आयरिश कॅथलिक कुटुंबात वाढलेला होता. वृंदाच्याच नावाच्या त्या पहिल्या गाण्यात काळी आकृती समोर उभी राहिलेली पाहून माणूस भयाने देवाचा धावा करतो. सैतानाला बोलावणे त्यात कुठेही नाही. १९७१ साली आलेल्या त्यांच्या तिसऱ्या ध्वनिमुद्रिकेत ‘आफ्टर फॉरेव्हर’ हे गाणे आहे. मृत्यूनंतर आत्म्याचे काय होणार याचा तू कधी विचार केलास का, देवावर विश्वास आहे हे मित्रांसमोर सांगायला तू घाबरतोस का, असे ते ऐकणाऱ्याला सरळ विचारते. गायक ऑझी ऑस्बोर्नच्या वडिलांनी या मुलांसाठी धातूचे क्रूस करून दिले होते आणि ही मुले ते गळ्यात घालत. ऑझी पुढे संत झाला, असे मी मुळीच म्हणत नाही. दारू आणि अमली पदार्थांनी त्याच्या आयुष्याची किती नासाडी केली, ते त्याने स्वतःच सांगितले आहे. २०२५ च्या जुलैमध्ये तो वारला. माझे म्हणणे एवढेच की प्रवचनकार ज्यांना सैतानाचे पुरोहित म्हणतात, त्यांपैकी अनेकजण नाटकात राक्षसाचे सोंग घेणाऱ्या नटासारखे आहेत. आपल्याकडे दशावतारात संकासुर येतो, तेव्हा प्रेक्षक त्याची पूजा करायला बसलेले नसतात.

उलट्या वाजवलेल्या गाण्यांविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्यात फारसे तथ्य नाही. अमेरिकेतील नेवाडा राज्यात रीनो येथे १९९० साली यावर खटला चालला. दोन तरुणांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली होती. एक तिथेच मरण पावला, दुसरा काही वर्षांनी. गाण्यातल्या छुप्या संदेशामुळे हे घडले, असा त्यांच्या कुटुंबीयांचा दावा होता. न्यायाधीशांनी सर्व बाजू ऐकून जुडास प्रीस्ट या वृंदाला जबाबदार धरले नाही. उलट्या आवाजात काय ऐकायचे हे आधी सांगून ठेवले, की कानाला तेच ऐकू येते.

इथे मला स्वतःविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. धर्मगुरू झाल्यानंतरच्या पहिल्याच वर्षी एका युवा शिबिरात मीही ही उलट्या गाण्यांची गोष्ट मोठ्या आवेशाने सांगितली होती. एका मुलाने घरी जाऊन आपल्या सगळ्या कॅसेट फोडल्या. काही महिन्यांनी त्याला कळले की मी सांगितले ते खरे नव्हते. तेव्हा तो मला म्हणाला, “फादर, हे खोटे निघाले, मग बाकीचे खरे कशावरून?” त्याला देण्यासारखे उत्तर माझ्याजवळ नव्हते. खोट्या पुराव्यावर उभी केलेली श्रद्धा पुरावा ढासळताच कोसळते, आणि ती कोसळवल्याचा हिशेब मला द्यावा लागणार आहे.

आता खऱ्या गोष्टीकडे येतो. पाश्चात्त्य संगीतावर गूढविद्येचा प्रभाव पडलाच नाही, असे म्हणणेही असत्य ठरेल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप-अमेरिकेत या विद्येची लाटच आली होती. न्यूयॉर्कमध्ये १८७५ साली स्थापन झालेल्या थिऑसॉफिकल सोसायटीचे संस्थापक ब्लाव्हाट्स्की आणि ऑल्कॉट १८७९ मध्ये मुंबईत येऊन गिरगावात राहिले होते, म्हणजे ती लाट आपल्या किनाऱ्यालाही लागून गेली आहे. याच वातावरणात अलेस्टर क्रोली हा गूढविद्येचा इंग्रज प्रचारक वाढला. त्याचा जन्म १८७५ चा. ‘तुला वाटेल ते कर, तेवढाच धर्म’ अशा आशयाचे वचन त्याने १९०४ साली कैरोत लिहिलेल्या आपल्या ग्रंथात मांडले. पुढे १९६७ मध्ये बीटल्सच्या एका प्रसिद्ध ध्वनिमुद्रिकेच्या मुखपृष्ठावरील गर्दीत त्याचा चेहरा झळकला. लेड झेपेलिन या इंग्रज वृंदाचा गिटारवादक जिमी पेज याने तर स्कॉटलंडमधील लॉक नेस सरोवराकाठचे क्रोलीचे जुने घर विकत घेतले, आणि १९७० सालच्या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेच्या तबकडीवर क्रोलीचे ते वचन कोरून घेतले. ही नुसती सोंगे नव्हती. पेजला या विषयात खरोखर रस होता आणि त्याने तो कधी फारसा लपवला नाही.

पण या प्रभावाचे विष कशात आहे ते पाहा. विष शिंगांत नाही, ‘माझी इच्छा हेच शास्त्र’ या शिकवणीत आहे. आणि ही शिकवण आज काळे कपडे घालून फिरत नाही. स्वच्छ, सुंदर, फुलांच्या नक्षीच्या चौकटीत ती मोबाइलवर येते. विश्वाकडे मागा म्हणजे मिळेल, हे वाक्य इतक्या वेळा लिहा म्हणजे नोकरी लागेल, टॅरोची पाने उलटा म्हणजे तो परत येईल का ते कळेल. आपल्याच धर्मग्रामातील, रोज जपमाळ म्हणणाऱ्या कुटुंबांतल्या मुली हे मला निरागसपणे सांगतात. त्यांच्या टी-शर्टवर बोकड नसतो, म्हणून त्यांच्याविषयी कोणी चिंतेने पत्र लिहीत नाही.

क्रोलीच्या आयुष्यातली एक गोष्ट मी मुद्दाम तुमच्यासाठी राखून ठेवली आहे. तो अत्यंत कडव्या ख्रिस्ती घरात जन्मला. वडील प्रवचने करत गावोगाव फिरत. तो अकरा वर्षांचा असताना ते वारले. मुलाचे वागणे आईला सोसेना, तेव्हा ती त्याला बायबलमधील प्रकटीकरणाच्या पुस्तकातल्या देवविरोधी ‘श्वापदा’च्या नावाने हाक मारू लागली. हे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. त्याने ते नाव फेकून दिले नाही. त्याने ते उचलले, मिरवले आणि जन्मभर स्वतःला ‘महाश्वापद’ म्हणवून घेतले. वारशाने मिळालेली संपत्ती उधळून आणि अफूपासून बनणाऱ्या हेरॉइनच्या आहारी जाऊन १९४७ साली तो हेस्टिंग्जमधील एका भाड्याच्या खोलीत मेला. त्याचे सगळे पाप त्या आईच्या माथी मारावे, असे मी म्हणत नाही. माणूस आपली वाट स्वतः निवडतो. पण जे नाव त्याने पुढे जगभर नेले, ते त्याला कुठल्याही जादूच्या पुस्तकात सापडलेले नव्हते, घरातच मिळाले होते. भगिनी, तुम्ही रागात जे वाक्य बोललात, ते मुलाच्या कानात त्या गाण्यांहून खोल गेले आहे. ते परत घ्या, आजच घ्या.

सोंगापासून कृतीपर्यंत जाणारी वाटही आहे, हे लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. नॉर्वेत १९९० नंतरच्या काही वर्षांत ब्लॅक मेटल हा हेवी मेटलचा कडवा प्रकार वाजवणाऱ्या विशीतल्या मुलांच्या एका गटाने चर्च जाळण्यास सुरुवात केली. बर्गनजवळचे फान्टोफ्टचे लाकडी चर्च, ज्याची मूळ बांधणी बाराव्या शतकातली होती, ६ जून १९९२ रोजी जळून खाक झाले. पुढच्या वर्षी त्यांच्यातल्या एकाने दुसऱ्या वादकाचा भोसकून खून केला. चर्च जाळणे आणि खून या गुन्ह्यांसाठी त्याला १९९४ साली २१ वर्षांची शिक्षा झाली. त्या मुलांनी गाण्यांतील द्वेष खरा मानला, एकमेकांना चढवत नेले, आणि आसपासच्या मोठ्यांपैकी कोणाचाच शब्द त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हता. तुमच्या मुलाच्या बाबतीत मी याच खुणा शोधेन: त्याच्या बोलण्यात कोणाविषयी द्वेष आहे का, तो एकटा पडत चालला आहे का, स्वतःला इजा करण्याचे विचार त्याच्या मनात येतात का. शेवटच्या प्रश्नाला ‘हो’ असे उत्तर आले, तर माझ्याकडे येण्यापूर्वी त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. मी तुमच्याबरोबर येईन.

आणि दुसऱ्या टोकाला काय घडते, तेही ऐका. अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यात वेस्ट मेम्फिस येथे मे १९९३ मध्ये आठ वर्षांच्या तीन मुलांची हत्या झाली. सैतानपूजेचा संशय घेऊन तीन किशोरवयीन मुलांना पकडण्यात आले. त्यांच्यातला एक काळे कपडे घालतो, मेटॅलिका या मेटल वृंदाची गाणी ऐकतो आणि क्रोलीचे नाव लिहितो, या गोष्टी न्यायालयात त्याच्याविरुद्ध मांडल्या गेल्या. त्याला मृत्युदंड झाला, इतर दोघांना जन्मठेप. पुढे डीएनए तपासणीत घटनास्थळाच्या पुराव्याशी त्यांच्यापैकी कोणाचाही मेळ बसला नाही. ऑगस्ट २०११ मध्ये, निर्दोष असल्याचे सांगत राहूनही कागदावर दोष मान्य करण्याची कायदेशीर तडजोड त्यांना स्वीकारावी लागली, तेव्हा कुठे अठरा वर्षांनी ते बाहेर आले. ज्यांनी त्यांना सैतानपूजक ठरवले, त्यांच्यात देवभीरू माणसे पुष्कळ होती. खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा दहा आज्ञांमध्येच आहे, आणि समोरचा माणूस काळ्या कपड्यांत आहे म्हणून ती शिथिल होत नाही.

मग सगळेच चालेल का? नाही. ज्या गाण्यांत क्रूसावरच्या प्रभूची विटंबना करण्यातच आनंद मानलेला असतो, ती ख्रिस्ती घरात वाजू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. २००६ मध्ये स्लेअर या अमेरिकी वृंदाच्या ध्वनिमुद्रिकेवरील ख्रिस्ताच्या विद्रूप चित्राला मुंबईतील कॅथलिकांनी आक्षेप घेतला आणि कंपनीने ती भारतातून मागे घेतली. तो आक्षेप मला योग्य वाटला. पण ती निंदा होती, जादूटोणा नव्हता, आणि या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या तरच मुलाशी प्रामाणिकपणे बोलता येते. निंदेविषयी त्याला एवढेच म्हणा की हे ऐकताना मला दुखते, कारण मी ख्रिस्तावर प्रेम करते. सतरा वर्षांच्या मुलाला हे समजते.

आता पत्रातल्या अशा ओळीकडे येतो, जी तुम्ही ओघात लिहिली आणि जिच्यावर माझे डोळे सर्वांत जास्त वेळ खिळून राहिले. बायबलमधल्या शौल राजाने देशातून सर्व भूतविद्या करणाऱ्यांना घालवून दिले होते. पुढे पलिष्ट्यांचे सैन्य पाहून त्याचे काळीज थरथरले, देवाकडून उत्तर येईना, तेव्हा तोच वेष पालटून रात्रीच्या वेळी एन-दोर गावातल्या भूतविद्या करणाऱ्या स्त्रीकडे गेला. तुम्ही टी-शर्ट जाळला आणि त्यानंतर भगताकडे गेलात. पवित्र शास्त्र ज्याला मंत्रतंत्र म्हणते, ते तुमच्या घरात आले असेल, तर ते त्या दोऱ्याच्या वाटेने आले आहे. मी तुम्हाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. घाबरलेली आई मध्यरात्री कोणाचेही दार ठोठावते, आणि आम्ही धर्मगुरूंनी आमचे दार वेळेवर उघडले असते तर तुम्हाला तिकडे जावे लागले नसते. पण पापनिवेदनात हे सांगा, म्हणजे मनावरचे ओझे उतरेल.

त्याच शौलाचा जीव जेव्हा दुरात्म्याने व्याकूळ होई, तेव्हा दावीद वीणा वाजवी आणि त्याला बरे वाटे, हेही त्याच ग्रंथात लिहिले आहे. संगीत माणसाच्या आत जिथे पोहोचते, तिथे शब्द पोहोचत नाहीत. तुमच्या मुलाला त्या कर्कश आवाजात काय मिळते, हे तुम्ही त्याला अजून विचारलेले नाही. वर्षभरापूर्वी घरात काय घडले होते, अभ्यासाचा ताण होता का, कोणी मित्र दुरावला का, हे मला पत्रातून कळत नाही, पण तुम्हाला ठाऊक असेल. त्याने मित्रांबरोबर कधी प्लँचेट केले आहे का, तेही शांतपणे विचारा. केले असेल तर ते का करू नये, यावर मी त्याच्याशी बोलेन. इफिस शहरातल्या जादूटोणा करणाऱ्यांनी पन्नास हजार चांदीच्या नाण्यांची पुस्तके जाळली, असे बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात आहे. ती त्यांनी स्वतःची, स्वतःच्या हातांनी, सर्वांसमोर आणून जाळली. कोणाच्या आईने कपाटातून काढून जाळली नाहीत.

टी-शर्टचे पैसे त्याला द्या. दुसरा कुठला घ्यायचा, ते त्याला ठरवू द्या. चित्र आवडले नाही तर तसे सांगा, पण निवड त्याची असू द्या. मिस्सासाठी या रविवारी आग्रह धरू नका, तुम्ही जा आणि जाताना त्याला सांगून जा. एका संध्याकाळी त्याला म्हणा की तुझे आवडते एक गाणे मला ऐकव आणि त्याचे शब्द समजावून सांग. पूर्ण ऐका, मध्ये बोलू नका. नंतर ‘आफ्टर फॉरेव्हर’ लावायला सांगा. त्याने ते बहुधा ऐकलेले असेलच.

त्याआधी मात्र ती उशी उसवा. दोरा समुद्रात सोडू नका, वडाला बांधू नका, मंत्र म्हणून पुरू नका, कारण यातले काहीही केले तरी त्याला शक्ती आहे असे तुम्ही मान्य केल्यासारखे होईल. तो घरच्या कचऱ्यात टाका. आणि हे मुलाच्या पाठीमागे करू नका. त्याला समोर बसवा, उशीत काय शिवले होते आणि का, ते सांगा, त्याच्या देखत टाके उसवा आणि त्या दिवशी बोललेल्या वाक्याबद्दल त्याची क्षमा मागा.